फोटोत आलेली केरसुणी

आमच्या घरात एक फोटो 'केरसुणीचा फोटो' याच नावाने ओळखला जातो. नातेवाईक मंडळींना तो लगेच आठवेल, इतरांसाठी सांगते.

साल १९७४. वाईच्या घरी दादाची मुंज. आप्पाकाकांकडे आग्फा क्लिक थ्री होता, आणि एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बाराच. मुंजीला एक रोल मंजूर झाला होता. त्यातला हा सातवा की आठवा. मध्ये घेरा ठेवलेला, हातात पळसाचा दंड घेतलेला दादा, शेजारी आई-बाबा, मागे आत्या आणि मामी, सगळे श्वास रोखून उभे. आणि डाव्या कडेला स्वयंपाकघराचं अर्धवट उघडं दार, त्या दाराला टेकून उभी केरसुणी. तीही अगदी पोझ दिल्यासारखी.

रोल धुऊन आला तेव्हा मी पाच वर्षांची होते. फोटोपेक्षा त्यानंतरचं बोलणंच जास्त आठवतं. "घरात एवढी माणसं, एकालाही ती उचलून ठेवायचं सुचू नये?" आईचं हे वाक्य पुढे चाळीस वर्षं ऐकलं. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवीन केरसुणीला हळदकुंकू वाहणारी हीच आई. पण पूजा वेगळी आणि फोटो वेगळा. पाहुण्यांसमोर केरसुणी म्हणजे फजितीच. अल्बममध्ये तो फोटो तिने मुद्दाम शेवटच्या पानावर लावला होता.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे माझा फोटोग्राफीचा क्लास.

तीन वर्षांपूर्वी लेकीने कॅमेरा घेऊन दिला. सगळे करतात तेच मीही केलं. पाषाणच्या तळ्यावर जाऊन खंड्या टिपला, सिंहगडावरचा सूर्यास्त टिपला, पावसाळ्यात कासला जाऊन फुलं टिपली. फोटो बरे यायचे, पण ते माझे आहेत असं वाटायचं नाही. कुणाच्याही फोनमध्ये सापडतील असे. मग रविवारचा एक क्लास लावला. तिथल्या सरांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं: महिनाभर घराबाहेर पडायचं नाही. घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू निवडायची आणि रोज तिचाच फोटो काढायचा. मी मनात म्हटलं, पैसे भरून भांडी घासायला बसवलंय. चिडून चहाची गाळणी निवडली.

पहिल्या आठवड्यातले माझे फोटो म्हणजे भांड्यांच्या दुकानाचा कॅटलॉग. गाळणी समोरून, गाळणी वरून, गाळणी बाजूने. शेवटी कंटाळून, आपल्याआधी हा उद्योग कुणी केला आहे का ते शोधायला बसले. आणि जे सापडलं त्याने मी थक्क झाले. फोटोग्राफीचा जन्मच मुळी घरात झाला आहे!

जगातला टिकून राहिलेला सर्वात जुना कॅमेऱ्याचा फोटो फ्रान्समधल्या नीसेफोर न्येप्सचा. १८२६ किंवा १८२७ सालचा. आहे काय त्यात? त्याच्या घराच्या वरच्या खिडकीतून दिसणारी छपरं आणि भिंती. डांबरासारखा पदार्थ लावलेल्या जस्ती रंगाच्या मिश्रधातूच्या पत्र्यावर तो उमटायला कमीत कमी आठ तास लागले, काही अभ्यासकांच्या मते कित्येक दिवस. तेवढ्या वेळात सूर्य इकडून तिकडे गेला, त्यामुळे समोरासमोरच्या भिंतींवर एकाच वेळी ऊन पडलेलं दिसतं. आठ तास न हलणारं काय असतं? घर. त्यामुळे पहिला मान घराला मिळाला. आवड म्हणून नव्हे, नाइलाज म्हणून.

पण नाइलाजाची आवड झाली ती इंग्लंडमध्ये, विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट या गृहस्थांच्या हातून. गणिती, वनस्पतींचे अभ्यासक, अनेक भाषा जाणणारे, पण चित्रकलेत ढ. १८३३ साली इटलीत कोमो सरोवराच्या काठी ते एका लोलकाच्या यंत्रातून देखावा कागदावर उतरवायला बसले आणि सपशेल हरले. यंत्र होतं, देखावा होता, हातच साथ देईना. तेव्हा त्यांच्या मनात आलं की हे चित्र कागदावर आपलं आपण उमटलं तर? मला हा प्रसंग फार आवडतो. चांगलं चित्र काढता आलं असतं तर बहुधा त्यांना हा विचार सुचलाच नसता.

विल्टशरमधल्या लेकॉक ॲबी या आपल्या घरी परतून त्यांनी छोट्या छोट्या लाकडी पेट्यांचे कॅमेरे करून घेतले. घरभर ठेवलेल्या त्या पेट्यांना त्यांची बायको कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणायची. (बायका कुठल्याही देशातल्या असोत, घरात नवऱ्याने मांडलेल्या पसाऱ्याला नाव ठेवण्यात तरबेजच!) १८३५ च्या ऑगस्टमध्ये अशाच एका पेटीने घरातल्या जाळीदार खिडकीची निगेटिव्ह दिली. आकार टपालाच्या तिकिटाएवढा. त्यावर टॅलबट यांनी लिहून ठेवलं की भिंगातून पाहिलं तर काचेचे सुमारे दोनशे तुकडे मोजता येत होते. ही आज उपलब्ध असलेली सर्वात जुनी निगेटिव्ह. विषय काय, तर आपल्याच घरातली, रोज उघडायची खिडकी.

पुढे १८४४ ते १८४६ या काळात त्यांनी 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक सहा भागांत काढलं. खरेखुरे फोटो चिकटवलेलं, विक्रीला आलेलं हे सुरुवातीचं पुस्तक. त्यात चोवीस फोटो आहेत. पुतळे आणि इमारती आहेत, पण त्यांच्याबरोबर कपबशांची फळी आहे, पुस्तकांची मांडणी आहे, गवताची गंजी आहे, शिडी आहे. कपबशांच्या फोटोखाली त्यांनी मोठी गमतीची गोष्ट लिहिली आहे. यादी करण्यापेक्षा हा फोटो बरा. कपबशा चोरीला गेल्या तर कोर्टात हा मुका पुरावा दाखवता येईल!

आणि सहावा फोटो पाहिला तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसले. नाव 'द ओपन डोअर', उघडं दार. दगडी चौकट, अर्धवट उघडलेलं लाकडी दार, आत अंधार, अंधारापलीकडे मागची एक खिडकी पुसटशी. आणि उंबऱ्याशी, दाराला टेकून, तिरकी उभी केलेली... केरसुणी!

बरं, त्यांची लांब दांड्याची, काटक्यांची आहे, आपल्या शिंदीच्या केरसुणीसारखी नाही. पण काम तेच. आणि मुख्य म्हणजे ती विसरून राहिलेली नाही. टॅलबट यांनी ती मुद्दाम तिथे ठेवली. उन्हाची तिरीप दारावर जशी पडते, सावलीची रेघ जशी उतरते, त्याच कलात झाडूचा दांडा. एका बाजूला कंदील टांगलेला, दुसऱ्या बाजूला घोड्याचा लगाम. एका दमात हे जमलेलं नाही. आधी काही वर्षं ते हाच विषय पुन्हा पुन्हा घेत होते. त्यांच्या आईने यातल्या एका फोटोला 'झाडूचं स्वगत' असं नाव दिलं होतं. म्हणजे तिथेही आई होती, आणि तिलाही फोटोतल्या झाडूबद्दल काहीतरी बोलायचं होतंच. फक्त सूर वेगळा.

फोटोखाली टॅलबट यांनी जे लिहिलं त्याचा मथितार्थ असा: डच चित्रकारांनी घरगुती, नेहमीच्या दृश्यांची चित्रं काढली, तेव्हा आम्हालाही तो आधार आहे. सामान्य माणूस जिथे न पाहता पुढे जातो तिथे चित्रकाराची नजर थबकते. उन्हाचा एक कवडसा, वाटेवरची सावली, एखादं जुनं खोड एवढंही त्याला पुरतं. फोटोग्राफी जाहीर होऊन पाच वर्षं झाली होती फक्त, आणि रोजच्या वस्तूंकडे कसं पाहायचं याचा पहिला धडा लिहून झाला होता. आमचे सर हेच सांगत होते. मी भिंतीवर ट्यूबलाइट लावून गाळणीचे फोटो काढत होते, आणि गाळणी खिडकीशी न्यायला हवी हे मला १८४४ सालच्या माणसाने सांगावं लागलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गाळणी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. ओट्यावर जाळीची सावली पडली. बारीक, गोल, विणल्यासारखी. तीस वर्षं याच खिडकीशी चहा गाळते आहे. ही सावली रोज पडत असणार. एकदाही पाहिली नव्हती.

मग वाचत सुटले. सगळंच सांगत नाही, तिघांबद्दल सांगते.

पहिला पॅरिसचा अजें. १८५७ चा जन्म, लहानपणीच पोरका, खलाशी झाला, नट झाला, कुठे जम बसला नाही. तिशी ओलांडल्यावर फोटोग्राफीकडे वळला. चित्रकारांना आणि ग्रंथालयांना लागतील असे फोटो काढून विकायचा. जड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटी घेऊन पहाटे बाहेर पडायचा. जिने, दारांच्या कड्या, दुकानांच्या काचा, पाडल्या जाणाऱ्या गल्ल्या. १९१० साली त्याने पॅरिसमधल्या घरांच्या आतल्या भागाचे साठ फोटो असलेला एक अल्बम केला. श्रीमंतांची घरं, तशी मजुराचंही. चुलाण, भांडी, खाट. त्यातल्या काही खोल्या तर त्याच्या स्वतःच्याच घरातल्या आहेत, भलत्याच नावाखाली घातलेल्या. १९२६ साली सररिअलिस्ट मंडळींनी त्याचा एक फोटो आपल्या मासिकावर छापला, तेव्हा त्याने नाव घालू नका म्हणून सांगितलं. म्हणे, हे फक्त दस्तऐवज आहेत, बाकी काही नाही. पुढच्याच वर्षी तो गेला. बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकन बाईंनी त्याचा फोटो काढला होता, तो दाखवायला त्या त्याच्या घरी गेल्या तर माणूस नाही. त्यांनी उरलेल्या निगेटिव्ह आणि प्रिंट विकत घेतल्या, चाळीस वर्षं सांभाळल्या आणि १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे दिल्या. कुणीतरी सांभाळलं म्हणून उरलं, एवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

दुसरा कॅलिफोर्नियातला एडवर्ड वेस्टन, आणि त्याची ढोबळी मिरची. १९३० च्या उन्हाळ्यात त्याने मिरच्यांचे फोटो काढायला घेतले. कधी पांढऱ्या पाठीशी, कधी काळ्या. जे हवं ते मिळेना. शेवटी एक वाकडीतिकडी मिरची त्याने पत्र्याच्या नरसाळ्यात आडवी ठेवली. नरसाळ्याच्या आतल्या पत्र्यावरून उजेड सगळीकडून परतला आणि मिरचीला पाठ, खांदे, दंड फुटल्यासारखे दिसू लागले. काही मिनिटांचं एक्स्पोजर. हीच ती प्रसिद्ध 'पेपर नंबर ३०'. त्या तीस आकड्यापाशी मी थांबले. मी गाळणीचे नऊ फोटो काढून विषय संपला म्हणत होते. आणि हो, फोटो काढून झाल्यावर तो मिरच्या खाऊन टाकायचा. आमच्याकडे पीठ पेरून भाजी झाली असती, एवढाच फरक.

तिसरा प्रागचा योसेफ सुदेक. धंदा बुकबाइंडिंगचा. पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर जखमी होऊन उजवा हात गेला. एका हाताने अवजड कॅमेरे पेलत त्याने शहराचे फोटो काढले. मग नाझी आले, बाहेर कॅमेरा घेऊन फिरणं अवघड झालं. तेव्हा हा आपल्या लहानशा स्टुडिओच्या खिडकीशी बसला. १९४० पासून १९५४ पर्यंत तो त्याच खिडकीचे फोटो काढत राहिला. काचेवर दव, काचेवर पाणी, काचेवर बर्फ, पलीकडे एक वाकडं झाड. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचा ग्लास, अंडं, पावाचा तुकडा. माझा महिन्याभराचा वनवास कुठे आणि याची चौदा वर्षं कुठे!

आपल्याकडे काय झालं? फोटोग्राफी आपल्याकडे उशिरा आली असं मुळीच नाही. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची आहे, आणि डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे सुरुवातीच्या भारतीय छायाचित्रकारांपैकी. पण त्या काळात कॅमेरा वळला तो लेण्यांकडे, देवळांकडे, संस्थानिकांकडे आणि निरनिराळ्या जातिजमातींचे नमुने गोळा करण्याकडे. घरात कॅमेरा आला तो पुढे, समारंभापुरता. बारा फोटोंच्या रोलमधला एक फोटो ओट्यावर खर्च करायला कोण तयार होणार? यात कुणाची चूक नाही, परवडायचंच नाही. घराच्या भिंती आणि अंगण यांच्याकडे नीट पाहणारे लोक झाले, नाही असं नाही. बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत फिरून बायकांनी सारवलेल्या भिंतींवर आणि जमिनीवर काढलेल्या आकृतींचे फोटो काढत होते. पुढच्या सारवणात पुसून जाणाऱ्या कितीतरी गोष्टी आज त्यांच्या फोटोंत उरल्या आहेत.

आता मूळ मुद्द्यावर येते.

वाईचं घर २०१६ मध्ये पाडलं. आई २०१९ मध्ये गेली. गेल्या दिवाळीत ताई आली होती. जेवणं झाल्यावर बोलता बोलता स्वयंपाकघराचा विषय निघाला, आणि लक्षात आलं की आमच्या दोघींच्या डोक्यात दोन वेगवेगळी स्वयंपाकघरं आहेत. मी म्हणत होते खिडकी चुलीच्या मागे, म्हणजे दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला. ताई म्हणत होती उजव्या हाताला, घडवंचीच्या वर. कागद-पेन्सिल आली. तिने एक नकाशा काढला, मी एक. आवाज चढले. आई असती तर एका वाक्यात निकाल लागला असता.

अल्बम काढले. तीन अल्बम, एकशे त्रेचाळीस फोटो. मुंजी, लग्नं, डोहाळजेवणं, बारशी, महाबळेश्वरची सहल, पॉइंटवर रांगेत उभे सगळे. ज्या खोलीत आईने आयुष्यातले सर्वात जास्त तास घालवले त्या खोलीचा एकही फोटो नाही. आईचे हात काम करताना दिसतील असा एकही फोटो नाही. प्रत्येक फोटोत ती पदर सारखा करून उभी आहे.

आणि मग शेवटच्या पानावर केरसुणीचा फोटो.

भिंग आणलं. (टॅलबट यांची आठवण आलीच.) केरसुणीच्या वर, अर्ध्या उघड्या दारातून, आतला अंधार. अंधारात भांड्यांच्या मांडणीची एक कड. तिच्या खाली घडवंची आणि घडवंचीवर पितळी हंडा, अर्धाच दिसणारा. त्या हंड्याच्या उजव्या काठावर उजेडाची एक बारीक पांढरी रेघ आहे. डावी बाजू काळी. म्हणजे उजेड उजवीकडून येतो आहे. म्हणजे खिडकी उजवीकडे. ताईचं बरोबर होतं.

पन्नास वर्षं मी ते स्वयंपाकघर उलटं आठवत होते. त्या एका रेघेने ते सुलटं झालं. ताईला जिंकल्याचा आनंद झाला नाही, मला हरल्याचं वाईट वाटलं नाही. दोघी बराच वेळ तो हंडा बघत बसलो. फोटो पाहताना आम्ही इतकी वर्षं फक्त केरसुणीला हसत होतो, आणि तिच्या मागे काय आहे ते कधी पाहिलंच नव्हतं.

क्लासमध्ये 'क्रिएटिव्ह पाहणं' हा शब्द फार वेळा ऐकला. मला वाटायचं की त्याचा अर्थ काहीतरी वेगळं, चमत्कारिक पाहणं. आता वाटतं की जे आहे तेच, पण न हलवता, न आवरता पाहणं आणि उजेड कुठून येतोय तेवढं विचारणं. वेस्टनला ते मिरचीत जमलं, सुदेकला ग्लासात. मला अजून जमलं आहे असं नाही. गाळणीचा सत्ताविसावा फोटो त्यातल्या त्यात बरा आहे.

जानेवारीत साताऱ्याजवळ काकूंकडे गेले होते. वय चौऱ्याऐंशी, अजून स्वतः भाकऱ्या थापतात. म्हटलं, "काकू, तुमच्या स्वयंपाकघराचे फोटो काढू?" त्या म्हणाल्या, "काढ की. थांब, लुगडं बदलून येते." म्हटलं, "तुमचा नको, म्हणजे तुमचाही हवा, पण आहात तशाच. भाकरी करतानाचा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की या मुलीचं काहीतरी बिनसलंय. मग परातीपाशी बसल्या, पीठ मळायला घेतलं. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशा चटकन उठल्या आणि कोपऱ्यातली केरसुणी उचलायला निघाल्या. "अगं बाई, ही राहिलीच की!"

म्हटलं, "काकू, असू द्या ती. तिथेच असू द्या."

"फोटोत येईल ना गं."

"येऊ दे."

तासाभरात चाळीसेक फोटो काढले. त्यातले चार-पाच काकूंना प्रिंट करून पाठवले. त्यांनी ते शेजारणीला दाखवताना अंगठा केरसुणीवर ठेवला होता, असं वहिनी फोनवर सांगत होती.

असो. नातेवाईक मंडळींना एक विनंती आहे, आणि हे सगळं लिहिण्याचं खरं कारण तेच. त्या मुंजीचे आणखी दोन-तीन फोटो आत्याकडे आणि मामाकडे गेले होते असं ताईला आठवतं. वाईच्या घरातला कुठलाही फोटो असेल, हललेला असो, काळवंडलेला असो, तर स्कॅन करून पाठवा. एक करा, कडा कापू नका. माणसं मध्ये असतात, ती आमच्याकडे आहेत. आम्हाला कडेचं हवं आहे.